मॅनिफोल्डचं इंजिन बार्शीच्या टेबलावर: एका ओओ-९ किटचा रिव्ह्यू

हे आहे टेबलावर रुळावर चालणाऱ्या छोट्या मॉडेल रेल्वे-इंजिनाचं किट. आधी निकाल. दिसण्याला पाचपैकी साडेचार, चालण्याला अडीच. अडीचाचे चार घरच्या घरी करता येतात आणि ते कसे करायचे हेच या रिव्ह्यूत जास्त आहे. डबा उघडला, रुळावर ठेवलं, नॉब फिरवला आणि गाडी पळाली, एवढंच ज्यांना हवंय त्यांनी इथेच थांबावं. हे किट त्यांच्यासाठी नाही.

वस्तू काय आहे ते सांगते. इंग्लंडात स्टॅफर्डशर परगण्यात लीक अँड मॅनिफोल्ड नावाची एक छोटी नॅरोगेज रेल्वे होती. तिच्या २-६-४ टँक इंजिनाचं हे किट आहे, म्हणजे पुढे दोन लहान चाकं, मध्ये सहा जोडचाकं (दांड्यांनी एकमेकांना जोडलेली, गाडी ओढणारी), मागे चार लहान, आणि पाणी इंजिनावरच्याच टाक्यांत. माप ओओ-९, म्हणजे १:७६ (नेमकं १:७६.२) प्रमाण आणि ९ मिलिमीटरचा रूळ. खोक्यात रेझिनमध्ये थ्रीडी प्रिंट केलेली बॉडी, पितळेच्या पातळ पत्र्यावर एच केलेले (रसायनानं कोरलेले) भाग (नेमप्लेट, पायऱ्या, हँडरेलचे खांब), पांढऱ्या धातूचे थोडे ओतीव भाग आणि चार पानी सूचना. मोटर, गिअर, चाकं यातलं काही नाही. त्यासाठी एन गेजचं (९ मिलिमीटरच्याच रुळावरच्या, पण आणखी लहान मापाच्या मॉडेलचं) एक जपानी चेसिस, म्हणजे मोटर-चाकांसह सांगाडा, वेगळं घ्यायचं आणि त्याच्यावर ही बॉडी बसवायची. ओओ-९ मध्ये ही पद्धत जुनीच आहे, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही.

बनवणारा एकटा माणूस आहे, फावल्या वेळात घरच्या प्रिंटरवर काढून देतो. खाली थोड्या तक्रारी आहेत, म्हणून नाव लिहीत नाही. एकट्या माणसाच्या धंद्याला एक वाईट रिव्ह्यू पुरतो. या मापात काम करणाऱ्यांना वर्णनावरून ओळख पटेलच.

आता बार्शीतल्या एका दाताच्या डॉक्टरीणबाईला स्टॅफर्डशरचं इंजिन कशाला हवं? कारण बार्शी लाईटच्या, म्हणजे आमच्या इथल्या जुन्या नॅरोगेज रेल्वेच्या, इंजिनाचं किट मला मिळालं नाही, आणि हे त्याचं सगळ्यात जवळचं नातेवाईक. दोन्ही रेल्वे एकाच डोक्यातून निघाल्या: एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप. दोन्हींची गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, एकच, अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. आणि दोन्हींची पहिली इंजिनं लीड्सच्या किटसन कंपनीतच तयार झाली.

कॅलथ्रॉप १८८२ मध्ये जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत लोको इन्स्पेक्टर म्हणून हिंदुस्थानात आला. इथल्या बाजारपेठा बघितल्या, बैलगाडीच्या वाटा बघितल्या आणि स्वस्तातली रेल्वे कशी करायची याचं वेड घेऊन बसला. सरकारी परवानगीच्या मागे काही वर्षं गेली. शेवटी १८९५ मध्ये कंपनी उभी राहिली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी टाऊन गाडी सुरू झाली. पुढे ती एकीकडे लातूर, दुसरीकडे पंढरपूर आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत गेली. सव्वातीनशे किलोमीटर. १९५४ मध्ये सरकारनं कंपनी विकत घेतली, आणि अलीकडे सगळं ब्रॉडगेज झालं. वारीच्या दिवसांत या गाडीच्या टपावरसुद्धा जागा नसायची, हे आमच्याकडे प्रत्येक घरात कुणीतरी सांगतं.

हा मनुष्य नुसता रेल्वेवालाही नव्हता. अरबी घोडे पाळायचा, त्यावर पुस्तक लिहिलं, आणि उतारवयात पॅराशूट तयार केलं, त्याचं नाव 'गार्डियन एंजल'. पण तो विषय वेगळा.

किट समजायला कॅलथ्रॉपचं धोरण समजावं लागतं, म्हणून ते थोडं सविस्तर लिहिते. त्याचं म्हणणं असं: रूळ, स्लीपर, भराव, पूल हे सगळं गाडीतल्या सगळ्यात जड ॲक्सलच्या (चाकांच्या एका जोडीच्या आसाच्या) हिशेबानं बांधावं लागतं, आणि तो ॲक्सल बहुतेकदा इंजिनाचा असतो. इंजिन पुढे निघून गेलं की मागच्या डब्यांना तेवढ्या भक्कम रुळाची गरज नसते, पण पैसे तर आधीच मोजून झालेले असतात. मग त्यानं ठरवलं की गाडीतला एकही ॲक्सल पाच टनांच्या वर जाणार नाही, इंजिनाचासुद्धा नाही. आणि मालडबे मात्र भरल्यावर त्या पाच टनांपर्यंत पोचले पाहिजेत. म्हणजे हलका, स्वस्त रूळ टाकायचा आणि त्याची शेवटची ताकद वसूल करायची. चार ॲक्सलचा बोगी डबा, डबा आणि माल मिळून वीस टन. डब्यांचे सांगाडे दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचे, म्हणजे स्वतःचं वजन कमी आणि माल जास्त. १८९६ मध्ये लीड्सजवळ न्यूले इथे रूळ टाकून त्यानं लोकांना हे सगळं चालवून दाखवलं, मग माल जहाजानं इकडे आला.

आता इंजिनाला पाच टनांची अट घातली की त्याचं रूपच बदलतं. ताकद हवी तर वजन हवं, वजन हवं तर चाकं वाढवायची. म्हणून बार्शीचं पहिलं इंजिन ०-८-४: आठ जोडचाकं, मागे चार चाकांची बोगी, एकूण सहा ॲक्सल, तीस टनांच्या आतबाहेर. एवढ्याशा गेजवर हे लांबलचक प्रकरण. त्या काळात साध्या साखर कारखान्याच्या लाईनीवर चार किंवा सहा चाकांची इंजिनं पळत होती, तिथे हा आठ जोडचाकं घेऊन आला. फोटोत ते इंजिन बेढब वाटतं. मला मात्र त्यात एक हिशेब दिसतो, आणि तो हिशेब ज्याला कळला त्याला ते बेढब वाटत नाही.

मॅनिफोल्डची लाईन २७ जून १९०४ ला सुरू झाली. वॉटरहाउसेस ते हल्म एंड, सव्वाआठ मैल. कॅलथ्रॉप तिचा इंजिनिअर होता. इंजिनं दोनच, एक 'ई. आर. कॅलथ्रॉप', दुसरं जे. बी. अर्ल या जागेवरच्या इंजिनिअरच्या नावाचं. इथे आठाऐवजी सहा जोडचाकं आली आणि पुढे दोन लहान चाकं. पण घराणं तेच. समोर बॉयलरच्या डोक्यावर मोठ्ठा हेडलाइट, बार्शीच्या माळावर शोभला असता असा. त्या अरुंद, हिरव्या दरीत दुधाचे कॅन वाहणाऱ्या गाडीला एवढा दिवा कशाला लागत होता कुणास ठाऊक. एक्टनच्या डेअरीचं दूध हीच त्या लाईनीची खरी कमाई. ती डेअरी बंद झाली आणि १९३४ च्या मार्चमध्ये लाईनही बंद झाली. तीस वर्षं भरायलाही थोडे महिने कमी. आता तिथे पायवाट आहे. दोन्हींपैकी एकही इंजिन उरलेलं नाही, त्यामुळे मॉडेलवाल्यांना फोटो आणि ड्रॉइंगवरच काम करावं लागतं, आणि यानं ते काम चांगलं केलंय.

बॉडीचं सांगते. प्रिंटच्या थरांच्या रेषा टँकच्या बाजूंवर जवळपास नाहीत. छताच्या गोलाईवर आहेत, त्या १००० नंबरच्या पाणकागदानं निघतात. रिव्हेट अगदी बारीक आणि एका ओळीत. याच मापात मी याआधी जोडलेल्या दुसऱ्या एका किटवर रिव्हेट मसुराच्या डाळीएवढे होते, त्या मानानं हे काम फार सुबक. टँकच्या कडा सरळ आहेत. खिडक्यांच्या चौकटी पातळ आहेत, आणि केबिनमधून आरपार बघितलं तर खरं वाटतं.

प्रिंटला आधार देणारे खांब, ज्यांना सपोर्ट म्हणतात, ते मात्र त्यानं अर्धवट तोडून पाठवलेत. बफर बीमच्या (इंजिनाच्या टोकाच्या आडव्या पट्टीच्या) खाली आणि बंकरच्या (मागच्या कोळशाच्या पेटीच्या) पोटात त्यांची ठुटं आहेत. सूचनेत लिहिलंय की धारदार चाकूनं कापा. रेझिन कडक झालेलं असतं, चाकूनं कापलं की तुकडा उडतो आणि सोबत बॉडीचा टवका घेऊन जातो. मी एअरोटरवर (दात कोरायच्या यंत्रावर) बारीक डायमंड बर लावून पाण्याखाली घासले, दोन मिनिटांचं काम. दवाखाना नसलेल्यांनी नखं घासायची बारीक कानस वापरावी, कापू नये. आणि धूळ श्वासात घेऊ नका, मास्क लावा. हे डॉक्टर म्हणून सांगते, छंदवाली म्हणून नाही.

माझ्या किटमधली चिमणी तुटून आली. खोक्यात बॉडी सुटी ठेवली होती, बाजूला थोडा बुडबुड्यांचा प्लास्टिक कागद, बस. मेल केल्यावर दुसरी चिमणी पाठवतो म्हणाला, आणि पाठवलीही, पण ती साध्या पाकिटातून आली आणि तीही तुटलेली. म्हणजे माणूस भला आहे, पॅकिंग वाईट आहे. शेवटी पहिली चिमणी सायनोॲक्रिलेटनं (झटपट चिकटणाऱ्या गोंदानं) जोडली, चीर दिसत नाही.

हेडलाइटच्या काचेसाठी पारदर्शक रेझिनचा एक टिपका दिलाय. तो पिवळा पडलेला होता आणि महिन्याभरात अजून पिवळा होणार, या रेझिनचा स्वभावच तो. टाकून दिला. त्याऐवजी दिव्याच्या आत पातळ चांदीचा वर्ख डकवला आणि वर आमचं दाताच्या टोकाला लावायचं अर्धपारदर्शक कॉम्पोझिट थोडंसं भरून, गोलसर करून, क्युरिंग लाइटखाली वीस सेकंद धरलं. वरून पॉलिश. आता दवाखान्यातल्या टेबललॅम्पखाली इंजिन वळलं की तो दिवा खरोखर चमकतो. बार्शीच्या रात्री ही इंजिनं लांबून येताना कशी दिसत असतील, त्याचा अंदाज मला या एका गोष्टीनं आला. किटमध्ये दिलेली काच आणि ही काच यांत एवढा फरक आहे की मी बनवणाऱ्याला फोटो पाठवला. त्यानं विचारलं, हे मटेरियल कुठे मिळतं? म्हटलं, कुठल्याही डेंटल डीलरकडे.

मापाचा मुद्दा जाणकारांना माहीत असेल, तरी लिहिते. १:७६.२ मध्ये ७६२ मिलिमीटरची गेज काढली की बरोबर १० मिलिमीटर येते. रूळ मात्र ९ चा. म्हणजे इंजिन रुळाच्या मानानं एक मिलिमीटर रुंद, आणि समोरून बघितलं की ते थोडं पाय जवळ घेऊन उभं असल्यासारखं दिसतं. हेच १:८७ मध्ये केलं तर ८.७६ मिलिमीटर येतात, म्हणजे ९ चा रूळ जवळपास तंतोतंत. अडीच फुटी गेजला हेच, म्हणजे एचओई, खरं माप. थ्रीडी प्रिंट असल्यामुळे फाइल ८७.६ टक्क्यांवर आणून तो १:८७ चं इंजिन सहज काढेल असं वाटतं, पण तसं होत नाही. भिंती पातळ होतात, रिव्हेट नाहीसे होतात, आणि मुख्य म्हणजे ते जपानी चेसिस आत मावत नाही. मी विचारलं होतं, तो म्हणाला नवीन चेसिसभोवती नव्यानं ड्रॉइंग करावं लागेल. त्याचं बरोबर आहे. पण ज्यांना बार्शी लाईट करायची आहे आणि अजून एकही डबा केलेला नाही, त्यांनी ओओ-९ मध्ये पडण्याआधी याचा विचार करावा. मी सात-आठ डबे ओओ-९ मध्ये करून बसले आहे, आता माघार नाही.

आता चालण्याचा भाग, आणि इथेच खरी गंमत आहे.

मॉडेलच्या वजनाचा एक नियम आहे. लांबी, रुंदी, उंची तिन्ही ७६.२ नं कमी होतात, म्हणजे वजन ७६.२ च्या घनानं भागायचं. तीस टनांचं इंजिन असं भागलं तर सुमारे ६८ ग्रॅम येतं. आणि कॅलथ्रॉपचा पाच टनांचा ॲक्सल? ११.३ ग्रॅम. हे गणित एका रात्री सहज करून बघितलं आणि मग राहवेना. सोनाराचा एक छोटा काटा माझ्याकडे मिश्रधातू तोलायला आहेच. ताटलीवर रुळाचा तुकडा ठेवला, बाकीच्या चाकांखाली त्याच उंचीचे ठोकळे, आणि एकेक ॲक्सल तोलत गेले.

सूचनेप्रमाणे जोडलेलं इंजिन एकूण ६४ ग्रॅम. वाहवा, जवळपास बरोबर. पण वाटणी बघा: पुढची लहान चाकं ३ ग्रॅम, पहिला जोड ॲक्सल ८, दुसरा १७, तिसरा ३३. मागच्या बोगीचे दोन्ही ॲक्सल मिळून ३. म्हणजे मागची बोगी फक्त स्वतःचं वजन वाहते, इंजिनाचं एक ग्रॅमही नाही. ती एका स्क्रूला नुसती लोंबते. आणि निम्म्याहून जास्त भार एका ॲक्सलवर. खऱ्या मापात सांगायचं तर पंधरा टनांच्या जवळ. कॅलथ्रॉपच्या रुळावर हे इंजिन पहिल्या पुलावरून खाली गेलं असतं.

कारण शोधायला वेळ लागला नाही. बंकरमधला कोळशाचा ढीग त्यानं पांढऱ्या धातूत ओतलाय आणि केबिनमधली बॉयलरची मागची बाजूसुद्धा. दोन्ही जड, दोन्ही पार मागे. टँक आणि बॉयलर मात्र पोकळ. सूचनेत एका ओळीत लिहिलंय की गरज वाटल्यास वजन वाढवा. कुठे वाढवा, ते नाही. परिणाम असा की सपाट रुळावर तीन बोगी डबे घेतले की चाकं जागच्या जागी फिरतात, आणि सांध्यांवर मागची बोगी हमखास घसरते. ओओ-९ मध्ये नेहमी मिळणारी ९ इंची त्रिज्येची वळणं आहेत, त्यावर तर जाऊच नका.

मग बंकरमधला धातूचा कोळसा काढला आणि खरा कोळसा कुटून गोंदावर पसरला, तो वजनाला काहीच नाही. टँकमध्ये आणि बॉयलरच्या पुढच्या भागात शिसं भरलं. हे शिसं कुठून आणलं सांगते, कारण हे फक्त आमच्याच धंद्यात फुकट मिळतं. पूर्वी दाताच्या एक्स-रेची फिल्म ज्या पाकिटात यायची त्यात शिशाचा एक पातळ पत्रा असायचा. आता सगळं डिजिटल झालं, पण जुन्या फिल्मचे पत्रे मी एका डब्यात साठवून ठेवले होते. कात्रीनं कापता येतात, गुंडाळता येतात, हवा तेवढाच भार हव्या त्या कोपऱ्यात कोंबता येतो. हाताळल्यावर हात धुवा, आणि लहान मुलांच्या हाती देऊ नका.

मागच्या बोगीला इंजिनाचा थोडा भार द्यायचा होता. त्यासाठी स्प्रिंग हवी, आणि ती इतकी हलकी की जोडचाकं उचलली जाता कामा नयेत. दात सरळ करायला आम्ही जी निकेल-टायटॅनियमची तार वापरतो, ती ०.०१२ इंची तार चेसिसच्या तळाशी चिकटवून तिचं टोक बोगीच्या पाठीवर टेकवलं. ही तार कमीजास्त वाकवली तरी दाब जवळपास सारखाच ठेवते, दातांच्या कामात ती चालली तीच या गुणामुळे. बोगी आता वळणावर मुकाट जाते.

शेवटचा हिशेब: एकूण ७१ ग्रॅम. पुढची चाकं ७, जोड ॲक्सल १८, १९, १८, मागची बोगी ९. सपाटीवर सात डबे, आणि माझ्या चढावर चार. सांध्यांवर घसरणं बंद.

मध्ये एक प्रयोग केला. कॅलथ्रॉपचा नियम अक्षरशः पाळून बघू म्हणून प्रत्येक जोड ॲक्सलवर ११.३ ग्रॅमच ठेवले, उरलेलं पुढच्या आणि मागच्या चाकांवर. अगदी पाच-पाच टन. इंजिन दिमाखात निघालं आणि दोन डब्यांवर हात टेकले. मॉडेलमध्ये रूळ वाकत नाही, पूल मोडत नाही, त्यामुळे त्याच्या अटीचा फायदा इथे काहीच नाही आणि तोटा पुरेपूर. माझे १८ ग्रॅम म्हणजे आठ टनांचा ॲक्सल, साहेबांनी सही केली नसती. पण या प्रयोगातून त्याचं खरं यश कुठे होतं ते दिसलं. त्याचा भरलेला डबा वीस टन, म्हणजे या मापात ४५ ग्रॅम. इंजिन ६८ आणि एकेक डबा ४५! बाजारातले ओओ-९ चे डबे याच्या जवळपासही नसतात. मी माझा एक डबा शिशानं ४५ पर्यंत भरला आणि हातात धरला, तेव्हा कळलं की हा मनुष्य इंजिनाच्या नव्हे, डब्यांच्या पाठीमागे लागला होता. इंजिनाला त्यानं डाएटवर ठेवलं ते मालडब्यांचं पोट भरावं म्हणून. कुर्डुवाडीला एवढा माल ब्रॉडगेजवर चढवताना हमालांची काय अवस्था होत असेल ते वेगळंच.

मॅनिफोल्डवर त्यानं या हमालीवर तोड काढली होती. मोठ्या गेजचा आख्खा डबाच नॅरोगेजच्या सपाट गाडीवर चढवायचा, ज्याला ट्रान्सपोर्टर म्हणतात. याच बनवणाऱ्याकडे त्या ट्रान्सपोर्टरचंही किट आहे. मी घेतलं नाही, बार्शीवर ते नव्हतं. पण ओओचा मोठा डबा ओओ-९ च्या रुळावरून डुलत जाताना बघायला मजा येत असणार, मॅनिफोल्डच करणाऱ्यांनी अवश्य घ्यावं.

एक मत मांडते, पटलं नाही तर सोडून द्या. पुढे १९२०च्या दशकात सरकारी समित्या बसल्या आणि हिंदुस्थानभर एकसारखी इंजिनं आली: ब्रॉडगेजला एक्स, मीटरगेजला वाय, अडीच फुटीला झेड. झेडबी, झेडई ही इंजिनं कामाला उत्तम, सुटे भाग एकमेकांत बसणारी, कुठल्याही शेडमध्ये दुरुस्त होणारी. धोरण म्हणून तेच शहाणपणाचं. पण मॉडेल करायला मला एका माणसाच्या हट्टातून आलेलं इंजिन जास्त आवडतं. समितीचं इंजिन सगळ्या लाईनींवर चालतं, त्यामुळे ते बघून गाव ओळखता येत नाही. आठ जोडचाकांचं ते लांब प्रकरण मात्र एकाच गावचं.

पितळी भाग छान आहेत. नेमप्लेटवरची अक्षरं भिंगाखाली स्वच्छ वाचता येतात, आमच्या लूप्समधून तर फारच. पायऱ्या मोडायच्या जागेवर खाच थोडी उथळ आहे, वाकवताना पक्कड दोन्हीकडून धरा. हँडरेलचे खांब बसवायला बॉडीत भोकं दिली आहेत पण ती ०.३ मिलिमीटरची, तार ०.४ ची. पुन्हा भोक पाडावं लागतं. रंग मी काळा दिला आणि बफर बीम लाल. नेमप्लेट लावल्या नाहीत, तिथे बार्शी लाईटसाठी मी स्वतः बीएलआर अक्षरं करून लावली. मॅनिफोल्डचे जाणकार नाराज होतील. होऊ देत.

सूचना चार पानी, फोटो धूसर, आणि एक पायरी उलटी छापली आहे: केबिनचं छत आधी चिकटवा म्हणतात आणि मग आतली बॉयलरची पाठ बसवा. छत लावल्यावर ती आत जातच नाही. आधी आतलं काम, मग छत. चेसिसच्या पुढच्या कडेला एक प्लास्टिकचा ओठ आहे तो कापावा लागतो, हेही लिहिलेलं नाही. न कापता बॉडी बसवली तर इंजिन पुढून अर्धा मिलिमीटर वर राहतं.

किमतीचं म्हणाल तर किट स्वस्त आहे, पण टपाल आणि कस्टम धरून ते आपल्याकडे छापील किमतीच्या जवळजवळ पावणेदोनपट पडतं, आणि चेसिस वेगळं. तिकडून कुणी येणारं असेल तर त्यांच्याकडे पाठवायला सांगा. तेव्हा तुटण्याचीही भीती कमी.

पहिल्यांदाच किट जोडणाऱ्यांना हे सुचवणार नाही. ज्यांनी एकदोन बॉडी आधी चेसिसवर बसवल्या आहेत, त्यांच्यासाठी ही उत्तम वस्तू आहे, आणि दिसण्यात या किमतीत याच्या तोडीचं काही मी पाहिलेलं नाही. ऑर्डर देताना तीन गोष्टी आधीच लिहून टाका: चिमणी वेगळ्या डबीत कापसात पाठवा, सपोर्ट तोडू नका, आम्ही घासून घेऊ, आणि बंकरमधला धातूचा कोळसा पाठवूच नका. आणि चेसिस आधी मागवा, कारण ते जपानी चेसिस मधूनच बाजारातून गायब होतं, मग बॉडी कपाटात पडून राहते.